जुन्या डेअरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला

शुक्रवार, १० फेब्रुवारी २००६. रक्कम: दोघांची चार रात्रींची सहल, तिकिटांसह नऊशे चाळीस पौंड. हजर: मी, बायको आणि लंडनमधल्या इल्फर्डला आमच्या शेजारी राहणाऱ्या काकू. काकू आल्या त्या डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊनच. वजन तीन किलो दोनशे, नग चौसष्ट.

दुसऱ्या दिवशी आम्ही सॅन होजेला निघणार होतो, ते केवळ तिकीट स्वस्त मिळालं म्हणून. कोस्टा रिकाची ही राजधानी मला त्याआधी नकाशात दाखवता आली नसती. काकूंची लेक मात्र बेडकांवरच्या संशोधनासाठी केंब्रिजहून तिथे गेली होती आणि तीन आठवड्यांपूर्वी तिथेच बाळंत झाली होती. काकूंच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना जाता येत नव्हतं.

"तिच्याजवळ आपलं कोणी नाही हो," त्या म्हणाल्या. "एवढे पोचवाच."

शहर बरं होतं. नाश्त्याला काळा घेवडा घातलेला भात. दुसऱ्या मजल्यावरच्या खिडक्यांनाही लोखंडी जाळ्या, फुटपाथवरच्या गटारांना मात्र झाकणं नाहीत. चोर घरात येऊ नये, गटारात पडला तर हरकत नाही, असा हिशोब असावा.

लाडू मी शेवटच्या दिवसासाठी ठेवले होते. वेळापत्रकात तशी नोंदच होती: ११ ते ११.३०, लाडू. विमान चारला. लेक फोन उचलत नव्हती. पत्ता होता तो असा: जुन्या डेअरीपासून दोनशे मीटर दक्षिणेला, पन्नास मीटर पूर्वेला, हिरवं फाटक. रस्त्याचं नाव नाही, घराचा नंबर नाही.

टॅक्सीवाल्याने आम्हाला एका चपलांच्या दुकानासमोर उतरवलं. "डेअरी," तो म्हणाला. डेअरी वीस वर्षांपूर्वी जळाली होती.

माझं पाऊल सत्तर सेंटिमीटरचं आहे. दोनशे मीटर म्हणजे दोनशे शहाऐंशी पावलं. ती मोजून मी पूर्वेला वळलो, तर समोर टायरचं दुकान. अजून एकाहत्तर पावलं बाकी होती, म्हणून आत शिरलो. कामगार बाजूला सरकले. एकतिसाव्या पावलाला मागची भिंत आली.

"अहो," बायको दारातून म्हणाली, "बाळंतीण काय टायरमध्ये राहते? मोजू नका, विचारा."

दुकानाच्या मालकाला थोडं इंग्रजी येत होतं. त्याने पत्ता वाचला.

"शंभर मीटर म्हणजे एका कोपऱ्यापासून पुढच्या कोपऱ्यापर्यंत."

"ते अंतर त्र्याऐंशी मीटर आहे. मी मोजलंय."

"असेल. आम्ही शंभर म्हणतो."

"का?"

"मग काय त्र्याऐंशी म्हणायचं?"

तो आमच्याबरोबर चालत आला. कोपऱ्यापर्यंत मागे, मग पूर्वेला. फाटक लाल होतं. मी थांबलो. "सगळे हिरवंच म्हणतात," तो म्हणाला. बायकोने बेल वाजवली.

लेकीने दार उघडलं. खांद्यावर बाळ, केस विंचरलेले नाहीत. बाळ झोपावं म्हणून तिने फोनची वायरच काढून ठेवली होती. तिने डबा उघडला, उभ्याउभ्या एक लाडू खाल्ला, मग दुसरा. तिसरा खाताना रडायला लागली.

"आईने खारीक जास्त घातलीय," ती म्हणाली.

निघताना बायकोने माझ्याकडे पाहिलं. "बाळाचं तोंड पाहिलं. रिकाम्या हाताने जायचं का?"

खिशात बावन्न डॉलर होते. देश सोडताना विमानतळावर माणशी सव्वीस डॉलर कर भरावा लागतो, त्यासाठी राखलेले. दुसरी रोकड नव्हती. मी तसं सांगितलं.

"मग एक्कावन्न द्या," ती म्हणाली. "बावन्न कोणी देत नाही."

कर क्रेडिट कार्डावर भरला, बँकेचा आकार वेगळा. रोख दिलेले पैसे असे: एक्कावन्न डॉलर, तीन आठवड्यांच्या मुलीला. उरलेला एक डॉलर टायरवाल्याला, कारण त्यानेच आपल्या गाडीतून आम्हाला विमानतळावर सोडलं. त्याने तो नीट घडी घालून खिशात ठेवला.