शाल, नारळ आणि बिघाड

“आधी बसवा, मंग वाजवा,” असं म्हणत सर स्वतःच खुर्च्या मांडायला लागायचे. बँडच्या पोरांना खुर्च्या नकोच असायच्या. त्यांच्या मते असली गाणी उभं राहून, उड्या मारत ऐकायची असतात. सर प्लास्टिकची खुर्ची शर्टाच्या बाहीनं पुसत म्हणायचे, “उड्या मारा न, कोन नाई म्हनते? पन पाहुणे बसल्यावर.”

तुमच्याही गावात असा एक सूत्रसंचालक असेल. जयंती, साखरपुडा, निरोप समारंभ, कुठंही गेलं की माइक त्याच्याच हातात. आमच्या सरांनी कुठल्याच शाळेत शिकवलेलं नव्हतं. मेहकरच्या बसस्थानकावर गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. पण आपल्याकडे माइक धरणाऱ्याला सर म्हणायची पद्धत आहे, त्याला कोण काय करणार?

माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. दुकानाच्या डोक्यावर एक छोटा हॉल आहे, हळदीकुंकू, बारसं असल्या कामांचा. त्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी ‘बिघाड’ नावाचा बँड वाजायला लागला. तीन पोरं आणि ड्रमवर एक पोरगी. पोरगी एरवी मेडिकलमध्ये गोळ्या विकते, एकाचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. कधी जालन्याचे, कधी दुसरबीडचे असलेच उपद्व्यापी लोक त्यांच्या जोडीला यायचे. असल्या दणदणाटी, आरडाओरड्याच्या गाण्यांना पंक म्हणतात, हे मला नंतर कळलं. खाली दुकानात बसल्यावर ते पिठाच्या गिरणीसारखं ऐकू यायचं.

हॉलचा मालक असल्या पोरांना दारातही उभं करत नव्हता. सर त्याच्याकडे गेले आणि म्हणाले, “सांस्कृतिक कार्यक्रम हाये. सूत्रसंचालन माझं.” मालक म्हणाला, “तुमी उभे राहात असान तर देतो. पन एक जरी तक्रार आली न सर, त कुलूप.” पोरांना साऱ्या तालुक्यात वाजवायला दुसरी जागा नव्हती. एक तक्रार आणि खेळ खलास, असा मामला होता.

पहिली तक्रार घेऊन मीच गेले. वरच्या दणक्यानं माझ्या छताचा चुना एका नवरीच्या ब्लाउजवर पडला होता. गळ्यात टेप, हातात कात्री, अशी मी तणतणत जिना चढले. दारात मला पाहताच सरांनी गाणं थांबवलं आणि माइक घेतला. “आपल्या परिसरातील सुप्रसिद्ध उद्योजिका या ठिकाणी उपस्थित झालेल्या आहेत. मी त्यांना विनंती करतो, की त्यांनी सत्काराचा स्वीकार करावा.” काय होतंय हे कळायच्या आत माझ्या अंगावर शाल आणि हातात नारळ होता. अंगावर शाल पडल्यावर भांडता येत नाही, हे मला त्या दिवशी समजलं. त्यात लोक टाळ्या वाजवत होते. मी पहिल्या रांगेत जाऊन बसले आणि कार्यक्रम शेवटपर्यंत ऐकला. उतरताना सर हळूच म्हणाले, “ताई, शाल तेवढी देऊन जा. पुढच्या रविवारी लागते.”

तर ही त्यांची युक्ती. जो भांडायला येईल त्याचा सत्कार. शेजारचा घड्याळवाला आला, त्याला शाल. पलीकडच्या दवाखान्याचे डॉक्टर आले, त्यांना शाल. एकदा चौकीतले हवालदार नुसतंच काय चाललंय ते बघायला डोकावले, तर तेही प्रमुख अतिथी झाले आणि टोपी मांडीवर ठेवून तासभर बसले. शाल एकच होती. नारळही, मला वाटतं, एकच होता. शालीची किनार उसवायला लागली तेव्हा मीच ती दुमडून शिवून दिली. म्हणजे मीही कटात सामील झाले होते, हे तुमच्या लक्षात आलंच असेल.

ड्रमवाल्या पोरीला हे सगळं असह्य व्हायचं. “सर, हे पंक आहे. पंकमधी दीपप्रज्वलन कोन करते?”

“काऊन? पंकवाल्याच्या घरची लाइट जात नाई का?”

बँडचं सगळ्यात गाजलेलं गाणं ‘लाइट गेली’ हेच होतं. त्यात हे दोन शब्द होते आणि एक शिवी होती, बाकी नुसता आरडाओरडा. सर त्याची ओळख करून देताना म्हणायचे, “विद्युतपुरवठ्याच्या समस्येवर मार्मिक भाष्य करणारं हे भावगीत.” मग पहिल्या रांगेत बसायचे आणि शिवी जवळ आली की मोठ्यानं खोकायचे.

त्यांची गाठ पडली ती बाईंशी. हॉलच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आल्या, सरांनी शाल उघडली, आणि बाई म्हणाल्या, “घडी घाला ती. माझ्या कपाटात शाली ठेवायला जागा नाही. उद्या मी मालकांशी बोलणार आहे.” आणि निघून गेल्या. पोरांचे चेहरे पडले. पोरगी तर ड्रमच्या मागे बसून रडायला लागली. सर मात्र कार्यक्रम अर्धा टाकून बाईंच्या घरी गेले.

तिथं काय बोलले ते त्यांनीच मला सांगितलं. “मी म्हनलं, बाई, पुढच्या रविवारी तुमी अध्यक्ष. शेवटी अध्यक्षीय भाषण. पोरायले जे बोलाचं ते माइकवर बोला.” मुख्याध्यापिकेला सत्कार नाकारता येतो, अध्यक्षीय भाषण नाही. बाई मालकाकडे गेल्या नाहीत. पुढच्या रविवारी इस्त्रीची साडी नेसून आल्या, सगळा गोंधळ ताठ बसून ऐकला आणि मग उठल्या. “वादन बेताल आहे. गायन नाहीच. आणि शिवी मी ऐकली, त्यात खोकून लपवण्यासारखं काय आहे? पण शब्द खाऊ नका. द्यायचीच असेल तर मागच्या भिंतीपर्यंत स्पष्ट गेली पाहिजे.” अशा शिट्ट्या वाजल्या म्हणता! बँडला कधी तेवढ्या मिळाल्या नव्हत्या. त्यानंतर बाईंची अध्यक्षपदाची खुर्ची कायमची झाली.

सरांना हे संगीत खरंच आवडायचं का, हा मला प्रश्न पडायचा. एकदा त्यांच्या दोन्ही कानांत कापूस दिसला. मी म्हटलं, “सर, हे काय? मग ऐकू कसं येतं?”

“छातीत येते न,” ते म्हणाले. मग जिन्यावर बसून सांगायला लागले. “ताई, ष्टँडवर मी जलमभर बोललो. पन लोकं माझं अर्धं ऐकून पिशव्या घेऊन पळाले. माह्या तोंडाकडं कोनी पाह्यलंच नाई. हे पोट्टे वरडतात त लोकं बसून राह्यतात. मले लय भारी वाटते.” हे ते हसत हसत सांगत होते. आपण इतकी वर्षं त्या बसस्थानकावरून ये-जा केली, हा आवाज ऐकला, आणि खिडकीत कोण बसलंय ते कधी वाकून पाहिलं नाही.

यंदाच्या उन्हाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मी दुकान बंद करून घरी आले आणि खूप रडले. सख्ख्या नात्यातला माणूस गेल्यावरही मी एवढी रडले नव्हते.

मालकानं पोरांना बोलावून सांगितलं, “सरायच्या शब्दावर हॉल देत होतो. आता एक ठरलेला कार्यक्रम करून घ्या. तो झाला का कुलूप लावतो.”

त्या रविवारी हॉल भरला. घड्याळवाला, डॉक्टर, हवालदार, बाई, सगळे आपापल्या खुर्च्यांवर होते. माइक मधोमध उभा होता आणि त्याच्यापाशी कोणी जाईना. पोरगी माझ्याजवळ आली. “काकू, तुमी बोला न दोन शब्द.” मी उठले, माइकसमोर गेले, त्याची वायर तेवढी सरळ केली. परत येऊन बसले. मग तिनं काठ्या आपटल्या आणि पोरांनी एकदम सुरुवात केली. ना स्वागत, ना दिवा, ना शाल. त्यांना पहिल्यापासून हवं होतं अगदी तसं. वाजवलं मात्र झकास. एकदाही ताल सुटला नाही.

शेवटचं गाणं झालं. पोरांनी वायरी गुंडाळल्या, ड्रम खोळीत भरले. मालक दारात कुलूप घेऊन उभा होता. पण खुर्चीवरून कोणीच उठेना. मीही उठले नाही. आभार मानायला कोणी नव्हतं, आणि आभार झाल्याशिवाय आपल्याकडे कार्यक्रम संपत नाही.

“झालं न?” मालकानं विचारलं.

“झालं म्हणून कोणी सांगितलं?” बाई म्हणाल्या.

मालकानं आमच्याकडे पाहिलं, माइककडे पाहिलं. मग शेवटच्या रांगेतली एक खुर्ची ओढून, मांडीवर कुलूप घेऊन तोही बसला.