बाबांचा दाढीचा ब्रश

बाबांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि अलिबागच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं, तेव्हा सगळं सामान आलं, फक्त दाढीचा ब्रश तिथेच राहिला. वाचा गेलेली, उजवा हात लुळा पडलेला. ब्रशाचं दुःख करायला आम्हाला सवड कुठे होती! पण दाढी वाढली तसं बाबांनी ओटीवर येणं सोडलं. रोज सकाळी गुळगुळीत गालांनी ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची चौकशी करणारा हा माणूस आता माजघरात भिंतीकडे तोंड करून पडायचा. डॉक्टरांनी बजावलं होतं, माणसांत बसवा, बोलतं करा. इथे कुणाची चाहूल लागली तरी ते चादर तोंडावर ओढून घेत. हे असेच भिंतीकडे बघत संपतील, अशी मला भीती वाटायला लागली होती.

न्हावी घरी बोलावला, तर त्याला दारातूनच हाताने परत पाठवलं. फेसाचा डबा आणला, तो ढकलून पाडला. त्यांना हवी होती वाटीतली त्यांची नेहमीची साबणाची घट्ट वडी. म्हणजे दाढी मीच करायची आणि ब्रशही मीच शोधायचा. त्याआधी मी दाढीचा ब्रश कधी हातातही धरला नव्हता.

पहिला बोर्लीच्या बाजारातून आणला, नायलॉनचा. त्यात पाणी ठरेना आणि गालावर तो खराट्यासारखा लागायचा. दुसरा फोनवरून मागवला, चांगला महागडा आणि लुसलुशीत. गालाला झकास, पण वडीवरून नुसता घसरायचा, साबण उचलायचाच नाही. दोन्ही वेळा जेमतेम आलेला फेस नासलेल्या दुधासारखा फाटला. मग बाबा रागाने डावा हात उडवून कोपऱ्यातल्या माठाकडे बोट दाखवायचे. आई लगबगीने पेला भरून आणायची आणि ते तोंड फिरवायचे.

"घ्या! आता पाणीसुद्धा नको," म्हणत आई पदराने डोळे पुसायची. मी ब्रशांवर चिडायची. तेवढीच वस्तू चिडण्यासारखी होती.

मग कुठेतरी वाचलं, की घट्ट साबणाला डुकराच्या केसांचा ब्रश लागतो. ताठ असतो, साबण खरवडून काढतो. उठले आणि तडक बोर्लीला, बाबांच्या दोस्ताच्या, चाचांच्या दुकानात जाऊन तोच मागितला. मागितल्यावर जीभ चावली. चाचा पाच वेळचे नमाजी. ते हा ब्रश कशाला ठेवतील? पण ते पोट धरून हसले.

"माझ्याकडं कसा असंल, बेटी? समोर जा, त्याच्याकडं हाय. आनि बाबाला सांग, मी दोनदा येऊन गेलो, तोंड न्हाय दाखवलंस. ह्ये बरं न्हाय."

तिसरा ब्रश असा समोरच्या दुकानातून आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कोमट पाण्यात बराच वेळ भिजवला. पाणी अर्थात विहिरीचं, मचूळ. नळाचं गोडं पाणी दिवसाआड येतं. ते माठात, प्यायला आणि डाळ शिजवायला, बाकी कशाला नाही. हा कायदा बाबांचाच. लहानपणी एकदा मी गोड्या पाण्याने केस धुतले तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं.

ब्रशाने साबण छान उचलला. मी हरखले. गालावर नेला आणि फेस फाटला. बाबांचं बोट माठाकडे गेलं. आईने पेला आणला. या वेळी मात्र त्यांनी तोंड फिरवलं नाही. डाव्या हाताने माझ्या हातातला ब्रश हिसकावला आणि थेट पेल्यात बुचकळला.

"अहो, प्यायचं पाणी ते!" आई ओरडली.

बाबा वडीवर ब्रश फिरवत राहिले, वाकडातिकडा, पण फिरवत राहिले. वाटीत पांढराशुभ्र, दाट फेस चढला आणि जागचा हलेना. मी आईकडे पाहिलं, आई बाबांकडे.

"म्हणजे इतकी वर्षं पहाटे सगळ्यांच्या आधी उठून तुम्ही माठातल्या पाण्याने… आणि मला तांब्याभर पाण्यासाठी बोलायचात!" आई म्हणाली.

बाबांच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसत होते! दुखण्यानंतर पहिल्यांदाच. मला इतकं हायसं वाटलं! त्याच फेसाने मी त्यांची दाढी केली. नंतर मी मऊ ब्रशसुद्धा गोड्या पाण्यात करून पाहिला. तो तिथेही घसरलाच, म्हणजे माझी बोर्लीची खेप अगदीच फुकट गेली नव्हती.

बाबा स्वतःहून ओटीकडे बघायला लागले. आम्ही दोघींनी धरून त्यांना खुर्चीत नेऊन बसवलं. मी चाचांना फोन केला, ते दुकान बंद करून आले. बाबांच्या गालावरून हात फिरवत बराच वेळ एकटेच बोलत बसले आणि बाबा मान डोलावत राहिले.

चाचा निघताना बाबांनी पुन्हा घरातल्या माठाकडे बोट केलं. आता मी कसली चुकते! धावत जाऊन ब्रश आणि वाटी घेऊन आले. बाबांनी कपाळावर हात मारून घेतला. मग तोंड वाकडं करत, एकेक अक्षर पुढे ढकलत म्हणाले, "प्या-य-ला."