आईचा भाकरतुकडा

वाचनालयाच्या फळ्यापाशी जमणाऱ्या मंडळींनो, आज दुपारचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

पहिल्या बाळंतपणासाठी ताई मुंबईहून माहेरी यायची होती. आई आणि मी नेरळ स्टेशनावर गेलो. आईला उंबऱ्यापर्यंतही धीर नव्हता, म्हणून ताईवरून ओवाळून टाकायचा भाकरतुकडा तिनं फडक्यात बांधून नेला.

त्याच गाडीतून माथेरानला निघालेली एक सिनेमानटी उतरली. सारा फलाट तिच्याकडे धावला. तिच्यात एवढं बघण्यासारखं काय, मला अजून कळलेलं नाही. आईसुद्धा धावली.

त्या गर्दीत ताईला उतरता आलं नाही. गाडी तिला तशीच कर्जतला घेऊन गेली. पुढच्या गाडीनं मी तिथं पोचलो, तर ती ट्रंकेवर बसून रडत होती.

घरी आल्यावर ताई उंबऱ्याबाहेर थांबली. आई तांब्या घेऊन नुसतीच उभी.

"आई, तुकडा?"

"त्या बाईवरून टाकला गं. इतकी मानसं बघत व्हती, दिष्ट लागंल वाटलं."

त्या बाईनं आईकडे वळूनही पाहिलं नव्हतं. मग ही माया आली कुठून? कुणाला उमगलं तर मला सांगा. आईला मात्र विचारू नका. ती पुन्हा भाकरी थापते आहे, आणि ताई अजून ओट्यावरच बसली आहे.