विहिरीत न सापडलेली मुलगी

ती घटना आठवली की लातूरची ती कोरडी वर्षं आजही डोळ्यांपुढे येतात. जिल्हा नवा, कचेऱ्यांच्या इमारती अर्धवट आणि पाऊस रुसलेला. बांधकामावर ठिकठिकाणचे मजूर होते. त्यांच्या मुकादमाने एके सकाळी आमच्या पोलीस ठाण्यात खबर दिली, “साहेब, आमच्या कामावरल्या एका बाईची पोरगी दिसंना गेली. इचारलं तर नुसती रडून राहिली.”

बाई विधवा, त्या मजुरांत एकटीच आंध्रातली, तेलुगूशिवाय काही बोलेना. आमचा जमादार देगलूरकडचा. “तेलुगू आपल्या घरचीच हाय साहेब,” म्हणत तो पुढे सरसावला. बाई दोनच शब्द बोलली. जमादाराचा चेहरा उतरला.

“बावी दग्गर म्हणती. हिरीजवळ.”

मग काय, शिवारातल्या सगळ्या विहिरी धुंडाळल्या. दुष्काळामुळे नुसतं वाकलं तरी तळ दिसायचा. दर वेळी वाकताना मला माझी सहा वर्षांची मुलगी आठवायची, ही हरवलेलीही तेवढीच होती. काही सापडेना, तसे आम्ही बाईवर आवाज चढवू लागलो आणि तिने तोंड मिटलं ते मिटलंच. खुनाच्या संशयावरून तिची रवानगी सबजेलमध्ये झाली.

तिथे महिला कोठडीत दर शनिवारी कॅथलिक मिशनच्या एक सिस्टर यायच्या. बाया बाटवायला येतात, अशी आमच्यात कुजबुज होती. मी पहाऱ्यावरच्या महिला शिपायाला विचारलं, “ही करते काय आत?”

“काई न्हाई साहेब. तेल लावून येण्या घालती बायांच्या.”

त्या शनिवारी सिस्टर कोठडीतून थेट ठाण्यात आल्या. त्या मूळच्या आंध्रातल्या, हे आम्हाला तेव्हा कळलं. मराठी मोडकी, पण बेधडक.

“साहेब, बावी कोण म्हणालं? ती बावा म्हणते. बावा म्हणजे मोठ्या बहिणीचा नवरा. इथं पाणी नाही, म्हणून मुलगी त्याच्याजवळ ठेवली.”

“मग आम्हाला का नाही सांगितलं?”

“सांगितलं ना. ती सांगते, तुम्ही ओरडता.”

पथक सीमेपलीकडे गेलं. मुलगी मावशीच्या अंगणात खेळत होती. आईची सुटका झाली, तेव्हा मुलगी दारातच तिच्या गळ्यात पडली. सिस्टर एकीकडे हसत होत्या, एकीकडे डोळे पुसत होत्या.

मी म्हणालो, “बाई निर्दोष निघाली, सिस्टर. तुमच्या खेपा सार्थकी लागल्या.”

“दोषी असती तरी मी आलेच असते, साहेब.”

“त्यातून तुम्हाला मिळतं काय?”

“आमच्या येशूला पण अटक झाली होती. या कैदी बायांजवळ बसले की त्याच्याजवळ बसल्यासारखं वाटतं. आठवडाभर मन भरलेलं राहतं.”

पुढे दुभाषा पारखून घ्यायला शिकलो, तो खात्यातला धडा. पण आरोपीसमोर बसलो की माझ्या डोक्यात एकच प्रश्न असायचा, याने केलं की नाही? तो प्रश्न बाहेर ठेवूनही कुणाजवळ बसता येतं, आणि त्यात एवढा आनंद असतो, हे मी त्या दिवशी पाहिलं. नोकरीत मला पदकं मिळाली, बढत्या मिळाल्या. सिस्टरांच्या त्या आनंदाचा मात्र मला अजून हेवा वाटतो.