व्याह्यांचं पायताण आणि होडीवाला पाहुणा

सुमनवहिनी, गुडघा कसा हाय? बापू, खोकला गेला का? मी बरा, पण डोकं सुन्न झालंय.

आज कोडोलीच्या व्याह्यांना पहिल्यांदाच हौसेनं आमच्या क्लबात जेवायला नेलं. दारावरचा म्हणाला, "पायताण चालत न्हाय. बूट पायजेत."

तेवढ्यात रबरी सपाता घातलेला परदेशी पाहुणा आला. त्याला सलाम ठोकून आत सोडलं! तो म्हणे तिकडच्या होड्यांच्या क्लबाचा सभासद. दोन्ही क्लबांत एकमेकांच्या सभासदांना मोकळी वाट.

मला तोंडात मारल्यासारखं झालं. कोल्हापुरात कोल्हापुरी पायताणालाच बंदी?

व्याही हसले, "पावणं, पुढच्या टायमाला होडी घिऊनच येतो की!" पण परतताना गाडीत पायताण काढून मांडीवर घेऊन बसले. माझी लेक त्यांच्याच घरात नांदतेय.

उद्या कोणत्या तोंडानं कोडोलीला जाऊ? लवकर लिहा.