गादीतली सरकी

चार पुस्तकं वाचून लगेच लिहायला बसलो, त्याबद्दल आधी माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. पण काल हॉस्टेलच्या गादीतली सरकी पाठीला टोचली आणि आमच्या गावातली, आर्णीतली एक जुनी दुपार आठवली.

अब्बा कापूस पिंजून गाद्या भरतात. आमच्या गल्लीतल्या सुनंदाकाकूंची सासू अंथरुणाला खिळली होती, पाठीला जखमा झाल्या होत्या. तिच्यासाठी भरलेली गादी अब्बा आणि मी त्यांच्या घरी नेली. दारातच मलमाचा आणि ओल्या चादरींचा वास आला. गादी अंगणात टाकताच काकू पदर खोचून तिच्यावर आडव्या झाल्या आणि हळूहळू सरकत राहिल्या. मला हसू आवरेना.

"हासू नको रे. इथं सरकी हाय. बुढीच्या पाठीले रुतते."

"एका सरकीसाठी उसवू का, भाभी?" अब्बांनी विचारलं.

"उसवाच. तुमाले नाही रुतत, भाऊ."

कापूस निवडायचं काम माझंच होतं. चिडत चिडत मी ती सरकी शोधली. आता वाटतं, दिवसभरात काकूंची पाठ तेवढीच टेकली असेल.

हे सांगायला आज अब्बांना फोन केला.

"सुनंदाभाभी गेल्या, बेटा. मागच्या महिन्यात."

"आणि त्यांच्या सासूबाई?"

"हाय. काल तिचा पोरगा, भाभीचा नवरा, तीच गादी पिंजाले घेऊन आलता. भरून झाल्यावर दुकानातच तिच्यावर झोपला. लय वेळ सरकून पाह्यलं त्यानं. मंग म्हणे, इथं उसवा."