वांडाची पर्स

माझी थोरली बहीण वांडा प्रिचेट हिच्या घराइतकं सुरक्षित घर आमच्या सेडेलिया गावात दुसरं नाही, असं ती स्वतःच सगळ्यांना सांगायची. नातू बेकेट चालायला लागला त्या आठवड्यात तिने घर उलटंपालटं केलं. प्लगच्या भोकांना झाकणं, ओट्याखालच्या कपाटांना कड्या, जिन्याला वर-खाली फाटकं, टीव्ही भिंतीला आवळून बांधलेला. संडासाच्या झाकणालासुद्धा खटका. मला तो कधी उघडता आला नाही. ओरडले तर म्हणायची, "शिक जरा, लॉरेटा! एवढंसं पोर दोन दिवसांत शिकलं."

तीस वर्षं तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढली. एका पोराला कधी चटका बसू दिला नाही. नवरा जीन गेला, त्याच्या पुढच्याच वर्षी दुकानाबाहेर एका माणसाने तिला ढकलून पर्स हिसकावली आणि तिचं मनगट मोडलं. त्यानंतर नवी पर्स आली आणि पर्समध्ये पिस्तूल. ती भीती मला कळते. मीही एकटीच राहते.

सून शेल्बीने बेकेटला पहिल्यांदा आजीकडे ठेवायच्या आधी फोनवर विचारलं होतं. हल्ली आमच्याकडच्या सगळ्याच आया विचारतात. "वांडा, घरात बंदुका आहेत?"

वांडाचं डोकं तडकलं. "आहेत की! जीनच्या तीन रायफली, तळघरात, पोलादी कपाटात. किल्ली माझ्या गळ्यात. अजून काही चौकशी?"

ती खोटं बोलली नव्हती, हेच मला जास्त लागतं. पर्समधलं तिने मोजलंच नाही. ते तिच्या लेखी चष्म्यासारखं अंगावरचं झालं होतं. आमच्याकडे असं मोजणाऱ्या बायका ढिगाने आहेत.

मंगळवारी दुपारी मी तिच्याकडे गेले. वांडा पाठमोरी, मॅकरोनी ढवळत होती. बेकेट सोफ्यावर पर्स उघडून बसला होता. त्याची बिस्किटं त्याच पर्समधून निघायची, मग तो दुसरीकडे कशाला शोधेल? त्याने कंगवा काढला, रुमाल काढला, मग दोन्ही हातांनी पिस्तूल काढलं आणि त्याच्या नळीत डोकावून पाहू लागला.

मी ओरडले नाही. ओरडले असते तर तो दचकला असता. जवळ जाऊन नळी आधी त्याच्या तोंडासमोरून वळवली आणि मग पिस्तूल काढून घेतलं. तो रडायला लागला.

"अगं, एवढं काय!" वांडा म्हणाली. रंग तिचाही उडाला होता, पण तोंड चालूच. "त्या बोटांत चाप ओढायची ताकद तरी आहे का?"

"ताकद? परवा त्याने ओट्याखालची कडी उपटली, तेव्हा तूच गावभर कौतुक सांगत होतीस!"

मी पिस्तूल उघडलं. नळीत गोळी भरलेलीच होती. ती मी तिच्यासमोर ओट्यावर आपटली.

"शेल्बीला फोन कर."

"वेडी आहेस का? पोर परत पाठवायची नाही ती."

"मग नाही तर नाही!"

"आता कपाटावर ठेवते ना मी. तू गप्प बस फक्त. बहीण आहेस ना माझी?"

ते ऐकून माझं टाळकंच सटकलं. संडासाला खटका लावणारी बाई मला गप्प बस म्हणते! मी तिच्या तोंडावर शेल्बीला फोन लावला आणि पाहिलं ते सगळं सांगितलं. शेल्बी वीस मिनिटांत आली. दवाखान्यातलं काम टाकून, पायांत तिथल्या सपाता तशाच. पोराला उचलून गेली.

"चहाडखोर," वांडा मला म्हणाली. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मीही गेले नाही. राग माझाही उतरलेला नाही.

शनिवारी बेकेट दोन वर्षांचा झाला. शेल्बीने मन मोठं करून सासूला बोलावलं. अट एकच, पिस्तूल घरी ठेवून यायचं. आम्ही केक न कापता तासभर वाट पाहिली. वांडा आली नाही.